आमच्या आंगणातली तार

(मंडळाच्या वर्धापनदिनी भगिनींसमोर केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी मसाल्यांवर बोलते, कोणी बचतीवर, कोणी मुलांच्या अभ्यासावर. यंदा चिटणीसबाईंनी मला उभे केले आणि विषयही त्यांनीच नेमून दिला. "तुमच्या आंगणात ती कसली तार आहे ते एकदाचे सर्वांना सांगून टाका, म्हणजे गल्लीतली कुजबूज तरी थांबेल," असे त्या म्हणाल्या. मी सातवी शिकलेली बाई. चारचौघींत बोलावयाचे म्हटले की माझे पाय लटपटतात. पण तारेविषयी म्हणाल तर ती मी स्वतःच्या हातांनी चढविली आहे, तेव्हा तिच्यापुरते बोलावयास हरकत नाही.

ही तार म्हणजे कपडे वाळत घालावयाची दोरी नव्हे. ती केबलवाल्याची नव्हे, आणि मोबाईलचा टॉवर तर मुळीच नव्हे. ती मामंजींच्या बिनतारी यंत्राची एरियल आहे. मामंजी हौशी बिनतारीवाले आहेत. सरकार परीक्षा घेऊन असा परवाना देते. बारा वर्षे पुरी झालेल्या मुलालाही तो मिळू शकतो. परवान्याबरोबर एक सांकेतिक नाव मिळते, आपल्या देशात ते बहुधा 'व्हीयू'ने सुरू होते. कै. राजीव गांधी यांनाही ही हौस होती व त्यांचे नाव होते व्हीयू २ आरजी. या यंत्रावर धंद्याचे बोलावयाचे नाही, राजकारण बोलावयाचे नाही, गाणी लावावयाची नाहीत. मग बोलतात तरी काय? हवापाणी, प्रकृती, आणि मुख्यतः एकमेकांच्या एरियली! मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटले, सासरे भिंतीशी बोलतात की काय. आता हसू येते.

मामंजींचे एक जुने स्नेही चिपळूणला असतात. दोघांची समोरासमोर भेट उभ्या जन्मात तीनदा झाली असेल, पण रोज सकाळी साडेसातला दोघे यंत्रावर असतात. मामंजी आता ऐंशीच्या घरात आहेत, पाय चालत नाहीत. तो पाऊण तास हाच त्यांचा बाजार, तेच देवदर्शन आणि तीच कट्ट्यावरची बैठक. एरवी चहासाठी चारदा हाक मारणारे मामंजी त्या वेळात पाणीसुद्धा मागत नाहीत.

आता तारेकडे वळते. अडचण सगळी लांबीची आहे. बिनतारी लहर प्रकाशाच्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला ३ लाख किलोमीटर जाते. मामंजींचे यंत्र सेकंदाला ७१ लाख हेलकावे देते. ३ लाख किलोमीटरला ७१ लाखांनी भागले की एका लहरीची लांबी येते ४२ मीटर. ढोबळ मानाने याला 'चाळीस मीटरचा पट्टा' म्हणतात. एरियलची तार या लहरीच्या निम्म्याने असावी लागते, तीही किंचित आखूड, म्हणजे ६६ फूट. मधोमध कापून दोन पाय करावयाचे, प्रत्येकी ३३ फूट. हिशोब तोंडी करावयाचा तर ४६८ ला हेलकाव्यांच्या आकड्याने, म्हणजे ७.१ ने भागावे, फूट निघतात. नऊवार २७ फुटांचे धरले, तर ही तार अडीच नऊवारांहून थोडकी कमी झाली. आणि आमचे आंगण? लांबीला ४० फूट, रुंदीला २०. त्यात तुळस, मोरी, ह्यांची मोटारसायकल आणि सासूबाईंची जास्वंद!

नऊवार लहान गॅलरीत वाळत घालतो तेव्हा आपण काय करतो? तिरके घालतो, आणि उरले तर टोक दुमडतो. तारेचेही तेच. आंगणाच्या मधोमध, तुळशीच्या मागे, २८ फुटांचा नळ उभा केला आहे. त्याच्या टोकापासून दोन्ही पाय छपरासारखे उतरते सोडले आहेत, आणि तेही लांबीला धरून नव्हे, तर कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्याकडे. कर्ण ४० फुटांहून लांब असतो, ४४ फुटांच्या वर भरतो. एवढ्यात प्रत्येक पायाचे २९ फूट बसले. उरलेले चार-चार फूट कुंपणाच्या कडेने वळविले. वळविलेल्या टोकाने फारसे बिघडत नाही, कारण तारेचे खरे काम मधल्या भागात होते. मात्र दोन पायांमधला कोन काटकोनाहून फार कमी होऊ द्यावयाचा नाही, नाहीतर दोन्ही पाय एकमेकांचे काम मारतात. या मांडणीला एकच खांब लागतो, हा तिचा मोठा गुण.

टोके जमिनीपासून ९ फुटांवर आहेत, आणि ती मुद्दाम तितकी उंच आहेत. मामंजी बोलत असताना टोकांशी विजेचा दाब फार असतो. हात लागला तर चटका बसेल. म्हणून टोकाला चिनी मातीची अंड्यासारखी गोळी आणि त्यापुढे नायलॉनची दोरी आहे. मुलांनी बॉल काढण्यासाठी काठीने तार ओढू नये, हे मी या व्यासपीठावरून पुन्हा सांगते. आणि कोणाला असली तार बांधावयाची झालीच, तर रस्त्यावरच्या विजेच्या तारांपासून इतकी दूर बांधावी की आपला खांब आडवा पडला तरी तिथवर पोचू नये. यात चूक झाली तर दुसरी संधी नसते.

ही तार मी कशी चढविली ती हकीकत अशी. आधीची तार मामंजींनी पाय धड असताना स्वतः बांधलेली होती. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले. मुंबईत ताशी १०० किलोमीटरच्या वर वारा झाला. आपल्या गल्लीतले पत्रे उडाले ते तुम्हां सर्वांना आठवत असेल. आमचा खांब वाकला आणि तार तीन ठिकाणी तुटली. करोनाचे दिवस, ह्यांना पाळीसाठी कंपनीतच मुक्काम करावा लागे. मामंजी काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी साडेसातला यंत्रासमोर बसले, बटण दाबले, नुसती खरखर ऐकली आणि बंद केले. असे आठ दिवस चालले. अन्नावरची वासना उडाली. नवव्या दिवशी मी विचारले, "मामंजी, तार बांधायला काय काय लागते ते मला सांगाल का?"

त्यांनी खुर्चीवरून सांगावयाचे आणि मी करावयाचे, असे ठरले. नवा नळ आणला. गल्लीतल्या चार जणींनी तोंडाला फडके बांधून लांब लांब उभे राहून तणावे धरले. त्या चौघी आज इथे बसल्या आहेत आणि गालात हसत आहेत. तार मी मुद्दाम लांब घेतली, ३४-३४ फूट. ब्लाऊजचे कापड बेतताना आपण शिवणीत ऐवज ठेवतो ना, तसा. एकदा आखूड कापले की लांब होत नाही. मीटर लावला तर तार ६.९ वर बोलत होती. म्हणजे लांब झाली. एकूण एक फूट कमी केला की आकडा साधारण ०.१ ने वर चढतो, असे मामंजींनी सांगितले. दोन्ही टोकांचा एक-एक फूट मागे दुमडून तारेवरच घट्ट गुंडाळला, कापला नाही. काटा ७.१ वर आला. सातवीत गणितात मला पस्तीसच्या वर कधी मिळाले नव्हते, त्यामुळे त्या दिवशी मला किती आनंद झाला असेल याची कल्पना करा.

एक चूकही झाली, ती लपविण्यात अर्थ नाही. मामंजी बोलू लागले की शेजारच्या काकूंच्या टीव्हीत रेघा येत. काकू दोनदा येऊन बोलून गेल्या, तिसऱ्यांदा बोलल्याच नाहीत, नुसते तोंड फिरविले. दोष आमचाच होता. यंत्राकडून वर जाणाऱ्या काळ्या केबलच्या बाहेरच्या अंगावरूनही लहर परत वाहत होती आणि केबल स्वतःच एरियल होऊन बसली होती. जुन्या तारेला मामंजींनी केबलचे वेटोळे केले होते, मी ते करावयास विसरले. खांबाच्या माथ्याशी केबलचे दहा-बारा वेढे वीतभर रुंदीच्या नळीवर गुंडाळून बांधले आणि रेघा गेल्या. पण काकूंचा राग जायला गणपती उजाडले.

उलट खोडही आमच्याच घरात निघाली. संध्याकाळ झाली की मामंजींच्या यंत्रात मधमाश्यांसारखी गुणगुण येई, कोणाचा आवाज कळेना. गल्लीतल्या प्रत्येकावर संशय घेऊन झाला. शेवटी यंत्र बॅटरीवर चालविले आणि घराचा मेन स्विच बंद केला, तर गुणगुण गायब! मग एकेक वस्तू चालू करीत गेले. पंखा निर्दोष, फ्रीज निर्दोष. देवघरातली दिव्यांची चिनी माळ लावताच मधमाश्या हजर. सासूबाईंना हे पटविणे किती अवघड गेले ते मी सांगत नाही. हल्लीचे स्वस्त चार्जर आणि एलईडीचे दिवे पुष्कळ वेळा असा गोंगाट करतात.

जुलै उजाडला. २२ जुलै २०२१ च्या पहाटे चिपळूणला वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलेच आहे. त्या सकाळी साडेसातला स्नेह्यांचा आवाज आला नाही. फोन लावला तर तोही लागेना. दुपारी टीव्हीवर बाजारपेठेत घरांच्या पहिल्या मजल्यापर्यंत पाणी दिसले. मामंजी दिवसभर यंत्रासमोरून उठले नाहीत. मी ताट तिथेच नेऊन ठेवले आणि तसेच उचलून आणले. दिवस मावळला तशी एक विचित्र गोष्ट होऊ लागली. परदेशांतले आवाज मोठमोठ्याने येऊ लागले, हजारो मैलांवरचे. आणि सरळ रेषेत अवघ्या दोनशे किलोमीटरवरचे चिपळूण मात्र मुके. मी म्हटले, "मामंजी, एवढ्या लांबचे ऐकू येते, मग जवळचे का येत नाही?" ते म्हणाले, "आता सकाळपर्यंत यायचेही नाही." तरी मध्यरात्रीपर्यंत कानाला लावून बसले होते.

दुसऱ्या दिवशी, २३ तारखेला, आठाच्या सुमारास आवाज आला. बारीक, पण तोच. घरातली चारही माणसे माडीवर सुखरूप होती. खालचा मजला पाण्यात. शेजाऱ्यांच्या माडीवरच्या इन्व्हर्टरची बॅटरी आदल्या संध्याकाळी मिळाली, तेव्हापासून ते रात्रभर मामंजींना हाका मारीत होते! इकडे मामंजी ऐकत होते, तिकडे ते बोलत होते, तार दोघांचीही शाबूत होती, आणि एकाचे दुसऱ्याला पोचत नव्हते. हे कळले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

बॅटरी पुरवावयाची म्हणून दर दोन तासांनी पाच मिनिटेच बोलावयाचे ठरले. त्यांनी आजूबाजूच्या तीन कुटुंबांची नावे व त्यांच्या मुंबईतल्या नातेवाइकांचे फोन नंबर सांगितले. मला परवाना नाही, म्हणून बोलावयाचे मामंजींनी. मी किराणाच्या बिलाच्या पाठीमागे लिहून घेत होते. मग मी फोन करीत बसले. बोरिवलीच्या एका मुलीला सांगितले, "तुमची आई माडीवर आहे, ठीक आहे, तिची औषधेही वर आणली आहेत." त्या मुलीने आधी विचारले, "तुम्ही कोण?" मला उत्तर सुचेना. मी म्हटले, "पेणकरपाड्याहून बोलते." मग ती रडू लागली, आणि इकडे मीही.

जवळचे का ऐकू आले नाही, हे मामंजींनी मला नंतर समजावून दिले. आकाशात खूप उंच, शेकडो किलोमीटरवर, सूर्याच्या किरणांनी हवेचे असे थर होतात की त्यांवर ही लहर आपटून खाली येते. आमची तार बुटकी असल्यामुळे तिची लहर बहुतेक सरळ वर जाते आणि छत्रीसारखी भोवतालच्या तीनचारशे किलोमीटरांत पसरून उतरते. बुटक्या तारेला कोणी हसू नये, कोकणाशी बोलायला तीच बरी. पण रात्री सूर्य नसतो आणि छत पातळ होते. सरळ वर फेकलेला चेंडू छत फोडून निघून जातो. तिरका फेकलेला तेवढा आपटतो आणि फार लांब जाऊन पडतो. म्हणून रात्री परदेश ऐकू येतो आणि चिपळूण नाही. यावर उपाय म्हणजे संथ लहर, सेकंदाला ३६ लाख हेलकाव्यांची, 'ऐंशी मीटर'वाली. ती पातळ छतावरूनही परत येते. दिवसा मात्र तिचा उपयोग कमी, कारण दिवसा खालचा एक थर तिला टिपकागदासारखा शोषून घेतो; रात्री तो थरच नाहीसा होतो. एकूण दिवसाला एक तार आणि रात्रीला दुसरी.

या ठिकाणी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी, १९३९ साली, इंग्रज सरकारने सर्व हौशी लोकांचे परवाने रद्द केले होते. तशा काळात २७ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू झाला, आणि त्यामागे उषाबेन मेहता ही २२ वर्षांची मुलगी होती. पोलिसांना माग लागू नये म्हणून यंत्र या घरातून त्या घरात हलवीत असत. १२ नोव्हेंबरला पकडले गेले. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली, त्या १९४६ साली सुटल्या. १९९८ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्यांचा रेडिओ ४२.३४ मीटरवर लागे. मी हिशोब केला, तर ती आमच्याच तारेची लांबी निघाली! आंगणही नसताना, दर थोड्या दिवसांनी नव्या घरात, ६६ फुटांची तार लपवून बांधावयाची म्हणजे काय, हे मला आता कळते. मी एकच तार एकदा बांधली तर आठ दिवस खांदे दुखत होते.

आणि डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद या बाई आपले हौशी यंत्र घेऊन अंदमानात पोर्ट ब्लेअरला होत्या. फोन बंद पडल्यावर त्यांनी लोकांचे निरोप मुख्य भूमीवर पोचविले. हे बायकांचे काम नव्हे असे म्हणणाऱ्यांना मी ही दोन नावे सांगते.

तर आता ऐंशी मीटरची तार. तिला सरळ मांडणीत १३० फूट लागतात, पाच नऊवार. आमच्या आंगणात ते कोणत्याही घडीने बसत नाही. मध्ये तारेची गुंडाळी घालून आखूड करता येते, पण मग ती फारच थोड्या आकड्यांत चालते आणि पुष्कळ शक्ती गुंडाळीतच ऊब होऊन वाया जाते. मामंजींना ते पसंत नाही. त्यांनी दुसरी तोड काढली आहे. तारेचा एकच पाय घ्यावयाचा, ६५ फुटांचा. २८ फूट खांबावरून सरळ वर आणि उरलेले ३७ फूट आडवे. आणि दुसऱ्या पायाच्या ऐवजी जमिनीत मुळ्यांसारख्या तारा पसरावयाच्या. त्या जितक्या जास्त तितके बरे. एक लांब असण्यापेक्षा पुष्कळ आखूड असलेल्या परवडतात. मी गेल्या उन्हाळ्यात तुळशीभोवती १६ तारा दोन बोटे खोल पुरल्या आहेत. आंगण उकरलेले पाहून कोणीतरी विचारले म्हणे, की आमच्याकडे धन सापडले का!

देखभालीचे दोन शब्द. खाडीची खारी हवा तांब्याला सोडत नाही, वर्षात तार हिरवी पडते. म्हणून सांधे डाख देऊन, वर रबरी पट्टी गुंडाळून बंद करावे, आणि केबलचे तोंड खाली असावे, नाहीतर पावसाचे पाणी आतून उतरते. खांबाला जमिनीत अर्थिंग आहे. वळवाचे दिवस आले की काम झाल्यावर केबल यंत्रापासून सोडवून खिडकीबाहेर ठेवावयाची. ढग गडगडू लागल्यावर हात लावावयाचा नाही, आधीच सोडवावयाची. तार वीज ओढून आणते अशी गल्लीत भीती आहे ती मला ठाऊक आहे. मी घरातले सर्व उठून ही काळजी घेते, एवढे खात्रीने सांगते.

मी स्वतः परीक्षेला बसावयाचे ठरविले आहे. पहिल्या पायरीला मोर्सच्या कडकट्टाची जरूर नाही. पुस्तक इंग्रजीत आहे. धाकटी मुलगी वाचते, मामंजी अर्थ सांगतात आणि मी मराठीत लिहून काढते. मामंजींना आता कानांनीही कमी येते. चिपळूणचे शब्द कधी कधी मला कळतात आणि त्यांना नाही, पण उत्तर देण्याचा अधिकार मला नाही. ती रुखरुख आहे.

राहता राहिली ती ३७ फुटांची आडवी तार. ती बांधावयाला आमच्या आंगणात दुसरे टोक नाही. काकूंच्या आवारात माड आहे. टीव्हीच्या रेघांनंतर विचारण्याचे धाडस मला दोन वर्षे झाले नाही. गेल्या पंधरवड्यात हळदीकुंकवाला गेले तेव्हा सगळे जसेच्या तसे सांगितले, रात्रभर मारलेल्या त्या हाकांचेही. काकूंनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "खिळा मारायचा नाही. दोरी बांध." खिळा मारणार नाही, झाडाला रबराची जुनी नळी गुंडाळून वर दोरी बांधीन, आणि वाऱ्यात माड डोलेल म्हणून दोरीला कप्पी लावून खाली वजन सोडीन, म्हणजे तार तुटावयाची नाही.

येत्या रविवारी सकाळी नऊला तार चढवावयाची आहे. नारळ उतरविणारा माणूस वर दोरी नेऊन देणार आहे. खाली तणावे धरायला चार जणी हव्यात. मागच्या वेळच्या चौघींपैकी एकीचा गुडघा दुखतो, तेव्हा एक जागा रिकामी आहे. पोहे मी करीन.